कापश्याची वही

घाटकोपर,
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सपनाताईस,
सप्रेम जय भीम.

तू, भाऊजी आणि नेत्रा नाशिकला खुशाल असाल. मीही इकडे ठीक आहे. हे वाक्य सवयीने लिहिलं, ते किती खरं हे पुढे येतंच. फोन केला की तू तो लगेच नेत्राच्या हातात देतेस, आणि हे तिला सांगण्यासारखं नाही. म्हणून आधी वहीत लिहून मग या कागदावर उतरवलं.

नेत्राला सांग, तिचा कापश्या मजेत आहे. वजन एक किलो आठशे. काल माझ्या चपलेचा अंगठा कुरतडला.

तुमच्या नव्या घरमालकाला ससा चालत नव्हता, म्हणून तू त्याला माझ्याकडे ठेवलंस. तेव्हा दारात म्हणालीस, "याला तरी नीट सांभाळ. हा तुला काही लपवून ठेवायला सांगणार नाही." मी पिंजरा आत घेतला.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी पिंजऱ्याखालचा कागद बदलायला गेलो, तर तो लाल. कापश्या मात्र कोथिंबीर खात होता. त्याला भाजीच्या टोपलीत घातला, वर टॉवेल बांधला आणि रिक्षाने मुलुंडला प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेला. लाल झालेला कागदही घडी करून पिशवीत घेतला होता.

त्यांनी विचारलं, "खायला काय देतोस?"

मी ज्यूस सेंटरवरून रोज बीट-गाजराचा चोथा आणायचो. आमचे मालक सीतारामकाका म्हणायचे, "ने रे, सशाची पार्टी!" तेच सांगितलं.

बाईंनी कापश्याच्या लघवीत एक पट्टी बुडवली, थोडं थांबल्या आणि हसल्या. "रक्त असतं तर पट्टीने चुगली केली असती. हा पाल्याचा, भाजीचा रंग आहे. सशांची लघवी पिवळी होते, केशरी होते, लाल होते, कधी खडूच्या पाण्यासारखी पांढरट. खातोय, उड्या मारतोय, कुंथत नाही, मग घाबरू नकोस. चोथा बंद. वाळलेलं गवत आणि हिरवा पाला दे, रंग लिहून ठेव. खाणं सुटलं किंवा रक्ताचे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी घेऊन ये."

मी टोपली उचलली आणि परत खाली ठेवली. "मॅडम, माणसाचं असं झालं तर?"

"कुठल्या माणसाचं?"

"आहे एक ओळखीचा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्या ओळखीच्याला सांग, तू ससा नाहीस. लवकर तपासून घे."

ताई, माझं दिवाळीपासून तसंच होत होतं. दुकानातला उरलेला बीटचा ज्यूस मी रोज पितो. त्याचाच रंग असणार, असं मी स्वतःला पटवून ठेवलं होतं. त्या दिवशी आम्हा दोघांचंही बीट बंद केलं. वहीत दोन रकाने आखले, एक कापश्याचा, एक माझा. चौथ्या दिवशी त्याच्या रकान्यात लिहिलं, 'फिकट पिवळा'. माझ्या रकान्यात लिहिलं, 'कोऱ्या चहासारखा लाल'.

त्याच सकाळी दवाखान्यात गेलो. उजव्या किडनीत मोठा खडा निघाला. डॉक्टर म्हणाले, "अजून सहा महिने काढले असतेस, तर किडनी हातची गेली असती. आता काळजी नाही, ऑपरेशन करून खडा काढू." मी वही दाखवली, ती त्यांनी पूर्ण वाचली. कापश्या कोण, असं विचारलं तेव्हा लाजायला झालं.

आता जे लिहायला दोन पानं लावली, ते लिहितो. आपले अण्णा गेले तेव्हा, त्यांच्या लघवीतून रक्त जातंय हे मला महिनाभर आधीपासून माहीत होतं, असं मी तुला सांगितलं होतं. तेवढ्यावरच तू माझ्याशी धड बोलणं सोडलंस. महिनाभर नव्हतं, चार महिने होतं. ते म्हणायचे, "उन्हात काम करतो, म्हणून होतं. सपनाला कळवू नको, ती धावत येईल." मी त्यांचं ऐकलं. खरं म्हणजे मलाही तेच ऐकायला बरं वाटत होतं. तू रागावलीस ते बरोबरच होतं.

तू ससा माझ्याकडे ठेवलास म्हणून मी वेळेत डॉक्टरांकडे पोचलो. ताई, तुझे आणि नेत्राचे हे उपकार मी विसरणार नाही. कापश्याला रोज मेथीची कोवळी पानं देतो, पण त्याला आभार कळत नाहीत. म्हणून तुला लिहिलं.

ऑपरेशन मंगळवारी, १८ तारखेला आहे. कापश्याकडे शेजारच्या सुगंधाकाकू बघतील. दवाखान्याच्या फॉर्ममध्ये 'जवळचे नातेवाईक' असा एक रकाना आहे. बाकी सगळं पेनाने भरलं. तिथे तुझं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

तू आलीस तर त्यावरून पेन फिरवशील का?

या वेळी तुला आधी कळवणारा,
तुझा भाऊ
प्रज्योत