चंद्रीनं शिकवलेला आइन्स्टाईन

अतुलसायेब, उचगावच्या संयोगिताचा रामराम!

फिजिक्स शिकायला जर्मनीला जाताना तू म्हणालतास, "मी पुढं चाललोय, तू हितंच मागं राहणार." तवा मी लई रडले.

काल दिवाळी पाडव्याला रिवाजाप्रमाणं आमची म्हैस शर्यतीत पळवली. मी मोटरसायकलवर, आणि शिंगाला मोरपिसं लावलेली चंद्री गाडीच्या बरोबरीनं पळत. शेजारी बघितलं तर ती मला जागच्या जागी दिसली, आणि अख्खं उचगाव मागं पळत होतं! तुझा आइन्स्टाईन तिथं कळला की रं. कोण थांबलं, कोण पुढं गेलं, हे कुठनं बघतोय त्यावर हाय.

माझ्या गाडीवरनं तर मागं तूच राहिलास.

हे पत्र काय मी पेटीत टाकत न्हाय. मागं राहिलेल्याला चिडवू नये, असं आई म्हणती.

चंद्रीवाली संयोगिता