ठुशीचा दोरा

आई, काल तुझी ठुशी लेकीच्या गळ्यात बांधली. भाचीच्या लग्नाला निघालो होतो. "आई, रुततेय गं ही," ती म्हणाली. दिवाळीत हीच ठुशी तिला सैल होत होती. तिनं आवंढा गिळला, तसं गळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी वर सरकून खाली आलं. "दोरा आटला असेल," मी म्हणाले. वाक्य तुझं होतं. विश्रांतवाडीच्या घरात, भर मे महिन्यात स्वेटर घालून तू आरशासमोर उभी आहेस आणि म्हणतेस, "मेला दोरा परत आटला." मग कसब्यात पटवेकऱ्याकडे जाऊन तो लांब करून आणायचीस. चेहरा सुजत गेला, आवाज घोगरा झाला, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा. बाबा म्हणायचे, "बाईसाहेब, झोप झाली असेल तर चहा मिळेल का?" त्याच वर्षी थंडीत एका सकाळी तू उठलीच नाहीस.

मी आता प्रयोगशाळेत थायरॉइडच्याच पेशी वाढवते, तुझा जीव घेणाऱ्या त्या गळ्यातल्या ग्रंथीच्या. या आजारात शरीराचे रक्षक, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, आपल्याच ग्रंथीवर उलटतात, एवढं सगळेच सांगतात. मला धडकी भरते ती पुढच्या गोष्टीची. ते रक्षक एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातला थेंबभर मी बशीतल्या पेशींवर सोडते. त्या आयोडीन घेईनाशा होतात, आणि मग स्वतःच निरोप सोडू लागतात, आणखी रक्षकांना बोलावणारे. मारणाऱ्यांना त्या आपणहून घरी बोलावतात गं. हे मी इतक्यांदा पाहिलंय, पण काल ती बशी मला लेकीच्या गळ्यात दिसली. आता याला रोजची एक गोळी पुरते, वेळेवर कळलं तर कुणी मरत नाही. मैत्रिणींना हे मी ठणकावून सांगते. स्वतःला सांगताना मात्र वाक्य अर्ध्यावर सोडते.

तिचं रक्त तपासायचं म्हणून आज रजा काढली. सकाळी ती म्हणाली, "आज प्रॅक्टिकल आहे, उद्या जाऊया ना?" आणि मी लगेच हो म्हणाले. मग पर्समध्ये ठुशी टाकून एकटीच कसब्यात गेले. दुकान तेच आहे. पटवेकऱ्यानं ठुशी हातात घेतली, दोरा ताणून पाहिला आणि विचारलं, "ताई, किती वाढवू?"

उद्या तिला नेणार आहे, नक्की. हे तुला पाठवता येणार नाही म्हणूनच सांगते, मी त्याला म्हणाले, "दोन बोटं वाढवा. पुढेही लागेल."