चौकटीला लावलेली बोटे

पप्पा,

तुम्ही आत पाऊल टाकण्यापूर्वी वाचावे, म्हणून हे दाराबाहेर चिकटवले आहे.

दवाखान्यात नेण्याइतके बळ काजूत उरलेले नाही. जनावरांच्या डॉक्टरांनाच घेऊन यायला मी कळंबोलीला जाते आहे. तो आत उंबऱ्याशी पडला आहे; गादीवर आणून ठेवला, तरी सरपटत पुन्हा तिथेच गेला. दोन श्वासांमधली शांतता आता लांबत चालली आहे. ओल्या कापसाने तोंड भिजवा, वाटीने पाजू नका.

सकाळी आईला इस्रायलला, अश्दोदला फोन लावला. तिचा आवाज ऐकून त्याने कान उचलले, आणि फोनकडे न पाहता दाराकडे पाहिले.

तुम्ही सवयीने चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनांच्या त्या डबीला, हात लावाल. आज ती बोटे ओठांना लावण्याआधी त्याच्या कपाळावर टेकवा. घरात शिरताना आई तसे करायची आणि तुम्ही हसायचात, ‘अगं रिना, कुत्र्याला कसली बरकत देतेस?’ ती तिकडे गेल्यापासून तो स्पर्श त्याला कुणीही दिलेला नाही, मीही नाही.

तुमचा हात त्याला तिचा वाटेल. वाटू द्या, आणि मी येईपर्यंत काढून घेऊ नका.

रेबेका