तिसऱ्या मजल्याचं गरम पाणी

प्रिय मोना,

सप्रेम जय भीम. तुझ्या कंपनीतला अभय उद्या पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. आधी सगळं वाच, मग फोन कर. तुझी आई म्हणते, मोबाइल असताना कागद काय काळे करताय, येड लागलं का? पण फोनवर तू ‘बाबा, जेवलात का’ विचारतेस, मी ‘व्हय’ म्हणतो आणि फोन आईकडं देतो. सहा महिने आपलं एवढंच बोलणं झालंय. सोमवारी तुझ्या कंपनीत शेवटची चौकशी आहे आणि ‘चूक माझीच’ असं तू लिहून देणार आहेस, हे अभयनं सांगितलं तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. एकदा सही केलीस की बॉयलरच्या कामावर तुला कुणी दारात उभं करणार नाही. पुण्यात कुणाच्या तरी ऑफिसात याद्या टाईप करत बसशील. त्यासाठी शिकवलं का तुला?

हॉस्पिटलात तू नवं पॅनल बसवायला आलीस तो दिवस मला घडीघडी आठवतो. तिन्ही बॉयलर मी अठ्ठावीस वर्षं हातानं चालवले. कुठला कधी पेटवायचा, कुठला विझवायचा, सगळं माझ्या डोक्यात. तू दोन दिवस खुर्ची टाकून बसलीस आणि ते सगळं पेटीत भरलंस. पाणी पंचावन्नच्या वर जाऊ द्यायचं नाही. आधी एकच बॉयलर पेटंल. दहा मिनिटांत भागलं नाही तरच दुसरा. दर आठवड्याला पहिला नंबर बदलायचा, म्हणजे एकट्यावरच ताण नको. मी मधे तोंड घातलं, की पहिला मान एक नंबरचा, दसऱ्याला हार त्यालाच घालतात. तू हसलीस, म्हणालीस, “बाबा, मशीनला कसला मान?” हॉस्पिटलचे राजेंद्र साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “कडुबा, लेकीनंच तुला घरी बसवलं बघ.” मीही हसलो. छाती फुगली होती खरी, पण आत कुठंतरी टोचलंही होतं. ते तेव्हा तुला सांगितलं नाही.

डिसेंबरात थंडी लई पडली. एका सकाळी सहाच्या सुमाराला तिसऱ्या मजल्याच्या सिस्टरचा फोन आला, पाणी गार येतंय. मी खाली नळाखाली हात धरला. कोमट लागलं. तुला फोन करायचा होता, तू तेव्हा इथंच, पुंडलिकनगरात आपल्या घरी झोपली होतीस. उठवायचं जिवावर आलं असं मी मनाला समजावलं. खरं सांगू? लेकीला विचारायची लाज वाटली. पॅनलनं पासवर्डचा आकडा मागितला. तुझा आकडा कुणी सांगायची गरज नव्हती, चौदा एप्रिल, आपल्या घरातलं शेंबडं पोरही ओळखंल. मी पंचावन्नचं पंचाहत्तर केलं. दहा मिनिटांचं एक मिनिट केलं. दोन बॉयलर संगंच भडकले. पुन्हा नळाखाली हात धरला, तरी मला कोमटच लागलं. म्हटलं, आत्ता कुठं ऊब आली.

मोना, माझ्या बोटांची जाणीव गेलीय. गेल्या महिन्यात डॉक्टरनं सुई टोचून दाखवली, मला कळलंही नाही. साखरेनं होतं म्हणे. तोवर मी त्याच हातावर भरवसा ठेवत होतो.

त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या, सोयगावच्या मनकर्णाबाईंना त्यांची सून आंघोळीला घेऊन गेली. नुकतंच ऑपरेशन झालेलं, पाय उचलायची ताकद नाही. सुनेनं नळ सोडला आणि पाय सोलून निघाले. ती किंकाळी जिन्यानं खाली बॉयलरपर्यंत आली होती. मी पळत जाऊन पंचाहत्तरचं पंचावन्न केलं. आधी वर जायला हवं होतं, माणूस बघायला हवं होतं. मी पॅनलकडं पळालो. याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

पॅनलच्या नोंदीत तुझा आकडा निघाला. तू घरून मोबाइलवरून पॅनलशी खेळ केलास असं सगळ्यांनी धरलं. त्या संध्याकाळी तू भाकरी वाढताना माझ्या बोटांवरचे फोड बघितलेस. मला तर ते दिसलेही नव्हते. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस, आत जाऊन मलम आणलंस आणि एकेका बोटाला लावलंस. दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन सांगितलंस, मीच केलं. आईला म्हणालीस, मशीनचा कंटाळा आलाय, आणि पुण्याला निघून गेलीस. आणि मी भाकरी खात राहिलो, ड्युटीला जात राहिलो. कसला बाप म्हणायचा मी?

परवा सोयगावला जाऊन आलो. मनकर्णाबाई ओट्यावर बसल्या होत्या, पायाला अजून पट्ट्या. मी कोण ते सांगितलं, माझ्या हातानं झालं म्हणून सांगितलं. सून घरात निघून गेली. बाईंनी पायावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाल्या, “दादा, लई आग व्हती रं. पण तू आला.” माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही मागितलं नाही. एसटीत खिडकीकडं तोंड करून रडत आलो.

आज सकाळी राजेंद्र साहेबांच्या टेबलावर सगळं लिहून, सही करून दिलं. एक प्रत तुझ्या कंपनीला पाठवली, एक या पाकिटात आहे. साहेब म्हणाले, “कडुबा, केस होईल. घरी जा, विचार कर.” म्हटलं, सहा महिने तेच केलं. पुढं काय होईल ते मी बघीन, आईला मी सांगितलंय.

तू मला एकदाही विचारलं नाहीस, बाबा, तुम्ही केलं का? विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो असतो. ते तुला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाहीस ना, पोरी? सोमवारी सही करू नकोस.

तुझाच,
बाबा