एकेचाळीस नंबरची नळी

सोमवार, दि. ३ नोव्हेंबर

चि. ठकूस आजीचे आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही असशील असं धरून चालते. जेवणाच्या वेळा पाळत नसशील, ते धरून चालायला नको, ते मला माहीतच आहे.

घरात फोन असताना आजीला पत्राचा झटका कुठून आला, असं म्हणशील. फोनवर मला स्पीकर लावल्याशिवाय नीट ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की तुझी धाकटी आजी शिवणयंत्र थांबवून ऐकत बसते. ऐकते ते ऐकते, मधे बोलतेही. गेल्या खेपेला माझं पोट कसं आहे हे तू मला विचारलंस आणि उत्तर तिने दिलं. आमच्या सासूबाईंनी दोन जावा एका घरात आणल्या, पण कान मात्र सगळे तिलाच दिले.

दुकान बरं चाललंय. थंडी पडायला लागली, त्यामुळे कोटांची अस्तरं बदलायला लोक रांग लावतात. बँकेतला तो साहेब दर दोन महिन्यांनी तीच विजार घेऊन येतो आणि कापड आटलं म्हणतो. मी म्हटलं, साहेब, कापड तिथेच आहे, तुम्हीच पुढे गेलात. धाकटीच्या ओठात टाचण्या होत्या म्हणून तिला हसता येईना, तर डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

बरं, कामाचं लिहिते. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला होता. तुमच्या त्या थुंकीच्या तपासाचा. एकेचाळीस नंबरच्या नळीत काहीतरी शंकेचं दिसलंय, तर आजीबाई, डॉक्टरांना एकदा तोंड दाखवून जा, असं म्हणाल्या. त्याला आता तीन आठवडे होतील. मी गेले नाही. गुडघा दुखत होता.

तू नळी देताना सांगितलं होतंस ते मला आठवतंय. तोंडाच्या आतला आजार डोळ्याला दिसायच्या आधी थुंकीत त्याचा माग सापडतो का, हे तुम्ही बघताय. शोध अजून नवा आहे. नळी वाईट म्हणाली म्हणजे आजार असेलच असं नाही, आणि चांगली म्हणाली म्हणजे नसेलच असंही नाही. शंका आली की तोंड उघडून बघायचं आणि लागलं तर चिमूटभर तुकडा काढून तपासायचा. बघ, तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईने किती नीट लक्षात ठेवलंय.

आता मला सांग, तुमच्याकडे नळ्या कधी इकडच्या तिकडे होतात का? चिठ्ठ्या पडतात, निघतात. आमच्याकडे दोन गिऱ्हाइकांच्या विजारी बदलल्या जातात, मग तुमच्याकडे का नाही होणार?

माझ्या तोंडाची काळजी करू नकोस. माझ्या तोंडात एक कवळी आहे आणि एक जीभ आहे, आणि जिभेला काही झालं असतं तर गल्लीने सुटकेचा श्वास टाकला असता.

धाकटी मजेत आहे. मागे एकदा चहा उजव्या बाजूला झोंबतो म्हणत होती, तोंड पुरतं उघडत नाही म्हणत होती. डॉक्टरांची वेळही घेतली होती तिने. ती रद्द केली. आता काही बोलत नाही.

सहज विचारते. अशी शंका आली तर माणसाने किती थांबलेलं चालतं? महिना चालतो का?

तुझी आजी

उत्तर पत्रानेच दे. पाकिटावर माझंच नाव घाल, धाकटीचं नको.


मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्राने उत्तर दे म्हटलं तर तू पत्रही लिहिलंस आणि फोनही केलास. "आजी, एक दिवससुद्धा थांबायचं नव्हतं गं," म्हणालीस आणि रडायलाच लागलीस. धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी स्पीकर बंद केला, त्यामुळे पुढचं मला फारसं ऐकू आलं नाही. मी नुसतं हो हो म्हणत राहिले. सोमवारी दहाला तुकडा काढणारे मोठे डॉक्टर त्या दवाखान्यात येतात आणि तू स्वतः येणार आहेस, एवढं मात्र कळलं.

ये. पण माझ्यासाठी रडू नकोस. ती थुंकी माझी नव्हती.

लिहून टाकलं. आता सगळंच लिहिते.

जूनपासून माझ्या जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आहे. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा होता. मला वाटलं, कवळी घासतेय. मी कवळीची कड नखं घासायच्या कानशीने घासली, दोनदा घासली. आता कवळी सैल झाली आणि फोड आहे तिथेच आहे. कडेने पांढरा, मधे लाल. दुखत असता तर मी बोंब मारली असती. दुखत नाही, म्हणूनच मी गप्प बसले.

आणि त्यात तू आलीस नळी घेऊन. सकाळी उठल्याबरोबर, चूळसुद्धा न भरता, या खुणेपर्यंत थुंकायचं. एका घरातून एकाच बाईची घ्यायची, असा तुमचा नियम. तू ती माझ्या हातात दिलीस. धाकटी शेजारीच काज करत होती, तिने मान वर केली नाही. तिला लागलं होतं, ते मला समजलं. तुला अंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिने केलं, आणि नळी मात्र मोठीला.

दोन दिवस ती नळी कपाटात पडून होती. ठकू, मी कशाला भीत नाही हे तू सगळ्यांना सांगत फिरतेस. त्या बोटाएवढ्या नळीला मी भ्याले. थुंकले तर तुला कळणार होतं. न थुंकले तर का नाही म्हणून विचारणार होतीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी धाकटीला उठवलं. म्हटलं, ठकूने तुझ्यासाठी पण एक नळी मागाहून पाठवलीय, माझी देऊन झाली. तिचा चेहरा तुला दाखवायला हवा होता. सत्तरीची बाई शाळेत बक्षीस मिळाल्यासारखी उठून बसली. "माझी पण मागितली तिने?" म्हणाली, आणि खुणेच्याही वर थुंकली.

तिचीच का, तर तिच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात तिचे स्वतःचे आहेत. दिवसातून तीनदा घासते. पन्नास वर्षं ओठात टाचण्या धरल्या, दाताने दोरा तोडला, समोरच्या दाताला खाच पडली, पण एक दात हलला नाही. मला वाटलं, हिचं तोंड घासून पालथं घातलेल्या पातेल्यासारखं आहे. ह्यात काय निघणार?

निघालं.

नर्सबाईंचा फोन आला तेव्हा धाकटी गळ्यात मोजपट्टी घालून समोरच उभी होती. मी फोन कानाला घट्ट लावून ऐकला. ठेवल्यावर तिने विचारलं, "माझं काय आलं हो, जाऊबाई?" मी म्हटलं, "स्वच्छ आलं. नवरीसारखं तोंड आहे म्हणाले."

कसं निघालं ते तोंडातून, मला ठाऊक नाही. तिला खरं सांगितलं असतं तर नळीची लबाडी सांगावी लागली असती, आणि नळीची सांगितली की फोडाचं आलंच. तेवढ्या एका क्षणात मी एवढा हिशेब केला. म्हाताऱ्या माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात ते खोटं आहे.

ती खूश झाली, आणि डॉक्टरांची वेळ घेतली होती ती तिने माझ्यासमोरच फोन करून रद्द केली. "उगाच कशाला त्यांचा वेळ घ्या," म्हणाली. मी ऐकत उभी होते. अडवलं नाही.

त्याला चार आठवडे झाले. ती उजव्या बाजूने खात नाही. भाकरी दुधात भिजवून खाते. विचारलं तर म्हणते, वय झालं, तपासणीत तर काही नाहीच ना. रोज जेवताना मी तिच्याकडे बघते आणि माझी भाकरी ताटात तशीच राहते. कॅन्सर हा शब्द मी आजवर तोंडाने उच्चारला नाही. आज हाताने लिहिला.

तुला पत्र का लिहिलं, तेही सांगते. स्पीकरचं कारण खरं आहे, पण अर्धंच. पत्र पोचायला चार दिवस लागतात आणि उत्तराला आणखी चार, म्हणून लिहिलं. आठ दिवस काही कळणार नव्हतं, ते मला हवं होतं.

तिला सांगायचं आहे. कसं ते सुचत नाही. पाकीट बंद न करता ठेवते.


बुधवार, दि. १२

सांगितलं.

सकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती एका झग्याची खालची पट्टी टाचत होती. मी म्हटलं, "तोंडातल्या टाचण्या काढ."

"का?"

"काढ म्हणते ना."

तिने एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचल्या. मग मी सांगितलं. नळीपासून सुरुवात केली आणि नर्सबाईंच्या फोनपर्यंत आले. सोमवारच्या डॉक्टरांचंही सांगितलं, फोडाचं वगळलं. तिथेही वगळलं, बघ.

तिने झग्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे ठकूने माझ्यासाठी नळी पाठवलीच नव्हती?"

मी सांगितलं काय, आणि हिने विचारलं काय! मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाली. सुई घेऊन झग्याला एक बटण लावलं. दुसरं लावलं. तिसरं लावताना सुई थांबली.

"तू मला स्वच्छ आलं म्हणालीस."

पन्नास वर्षांत ती मला कधी तू म्हणाली नव्हती. आमचे दोघींचे नवरे एका वर्षात गेले, तेव्हा गळ्यात पडून रडली, तरी अहो जाऊबाईच म्हणत होती.

"मी वेळ रद्द केली. तू समोर उभी होतीस."

"हो."

"का केलंस? माझ्यावर एवढा कसला राग होता?"

राग नव्हता गं, असं मला म्हणता येईना. मी कवळी काढली, हातात धरली आणि तिच्यासमोर जीभ बाहेर काढली. ती दचकली. मला वाटलं आता थोबाडीत देते. तिने यंत्राच्या दिव्याची मान वळवली, माझी हनुवटी धरली आणि उजेडात वळवली. ती सुईत दोरा ओवताना बघते तसं बघितलं.

"कधीपासून?"

"जून."

"आणि मला कवळी लागते म्हणून सांगत होतात." पुन्हा तुम्ही झालं होतं. ते मला तू पेक्षा जास्त लागलं.

मग ती खुर्चीत बसली आणि तिने तोंड उघडलं. दोन बोटं जेमतेम जातील एवढंच उघडतंय ठकू, त्यापुढे उघडत नाही. "बघा," म्हणाली. मी दिवा धरला. उजवीकडे, शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या आत लाल मखमलीसारखा चट्टा आहे. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. मला हे सगळं लिहिता येतंय, पण तेव्हा दिवा मी इतका वाकडा धरला होता की ती तोंड उघडं ठेवूनच म्हणाली, "धरा ना नीट."

"काय आहे?" तिने विचारलं.

या वेळी मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "लाल आहे. मला कळत नाही. मला भीती वाटते."

"मला पण," ती म्हणाली. आणि झगा पुन्हा हातात घेतला, कारण बारा वाजता झगावाल्या बाई न्यायला येणार होत्या.

त्या बाई झगा घेऊन गेल्या. जेवणं दूध-भाकरीवरच झाली, मीही तेच खाल्लं. मग पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता ती म्हणाली, "सोमवारी आधी मी आत जाणार."

"मोठी मी आहे."

"मोठेपणा पुरे झाला तुमचा."

तेव्हा आधी ती जाईल. आज फोनवर तुला एवढंच सांगेन की डॉक्टरांकडे दोघींची वेळ घे आणि नळी कुणाची ते तुमच्या वहीत दुरुस्त कर. तुमचा शोध माझ्यामुळे बिघडायला नको. बाकीचं या पत्रात आहे, ते फोनवर मला बोलता यायचं नाही. शनिवारपर्यंत पोचेल.

एक मागते. माझ्या जिभेचं जे निघेल ते निघो, ते मी बघून घेईन. तिचं निघालं तर तिला आधी सांग, सरळ सांग, माझ्याशी बोलतेस तसं. तिला घरातली म्हणून सांग, मागाहून आठवलेली म्हणून नको.

आणि सोमवारी पाच आठवडे होतील. त्या पाच आठवड्यांनी तिच्या बाबतीत काही फरक पडला का, हे डॉक्टरांना ठाऊक असेल, तुलाही असेल. मला विचारायचा धीर होणार नाही. मी विचारलं नाही तरी तू मला सांग. पडला असेल तर पडला म्हण. आजी म्हणून सोडू नकोस.

तुझी,
तिच्या आधी मरावं असं पहिल्यांदाच वाटणारी,
आजी