मोहाच्या झाडाला कानाचे औषध

६ मार्च १९५७, पोंभुर्णा
डाव्या कानाने आज राजीनामा दिला! पंचेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर, एका शब्दाची नोटीस नाही. पूर आला तर चौकशी समिती बसते. मास्तरच्या कानातल्या मळासाठी कोण बसतो? कंपाउंडरने हायड्रोजन पेरॉक्साइडची इवलीशी बाटली दिली. कानात घातलं की सोड्याची बाटली फोडल्यासारखा आवाज. बाकी सामसूम.

८ मार्च
त्याच बाटलीवर वर्ग घेतला — झकास! कच्च्या बटाट्याच्या फोडीवर थेंब : फसफसून फेस. उकडलेल्या फोडीवर थेंब : ढिम्म! जिवंत पेशीत एन्झाइम असतं, ते या औषधातला प्राणवायू मोकळा करतं. उकडलं की खलास. पोरं म्हणाली, पुन्हा दाखवा. दाखवलं. संध्याकाळची भाजी प्रयोगात गेली.

११ मार्च
पोरांकडून बटाट्याचं ऐकून गावातली सुकरी दारात. तिचं मोहाचं झाड वणव्यात एका अंगाने होरपळलंय. सासऱ्याच्या वाटणीचं झाड. त्याची फुलं तिचीच, दुसरं कोणी वेचत नाही. शेजारच्या मोहांना कळ्या आल्या, याला नाहीत. जंगल खात्याचे नाकेदार गुणवंतराव म्हणतात मेलं — उद्या हातोड्याने तोडणीचा ठसा मारणार.
"मेलं नाई जी! मले दिसते ना."
"मग सांग त्यांना."
"सांगतलं. पुरावा आण म्हणते. तुमी आलू जित्ता का मेला ते पाह्यता, मंग झाडाचं काऊन नाई पाहत?"
आलूचा डॉक्टर! पदवी वाईट नाही. बाटलीत तळाशी थोडं आहे. कानाला उपास.

१२ मार्च
जिंकलो!
गुणवंतराव हातोडा घेऊन उभेच होते. "काय गुरुजी, झाडाच्या कानात मळ झाला?" मी बाटलीचं बूच काढलं. आधी जळक्या अंगाची साल — थेंब — काही नाही. मग चांगलं अंग चाकूने सोललं, आतला ओला पापुद्रा बोटांत धरला — उरलेलं सगळं ओतलं — फेस! जरासा गुलाबी, मोहाची आतली साल लालच असते. गुणवंतराव वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग हातोडा थैलीत टाकला.
"जित्तं हाये. राहू द्या."
सुकरी हसली नाही. नुसता झाडाला हात लावला.

त्याच दिवशी, घरी
हात धुताना आंगठा चरचरला. चाकू लागलाय — सोलतानाच! आणि रक्तातही तेच एन्झाइम, त्याचाही फेस येतो. मीच शिकवतो हे. म्हणजे फेस कोणाचा? झाडाचा, की मास्तरचा?
बाटली रिकामी. बोललो तर हातोडा परत.
बोललो नाही.

२० मार्च
कळी नाही. सुकरी रोज झाडाखाली सारवते, फुलं मातीत पडू नयेत म्हणून. मी दुसऱ्या वाटेने शाळेत जातो.

२६ मार्च
नाही.

३ एप्रिल
सुकरीने पळसाच्या पानांचा द्रोण भरून फुलं आणली. "चांगल्या अंगानं टपटप पडून राह्यली जी! नाकेदार आले होते पाह्यले. खुश झाले. मले म्हणे, गुरुजीचा आंगठा बरा झाला का विचार."
आंगठ्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.
अर्धी फुलं दुसऱ्या द्रोणात काढून गुणवंतरावांच्या ओसरीवर ठेवून आलो. ते आत होते. हाक मारली नाही.