तूप उशिरा गोठलं

बंगलोर, पौष महिना

सुलतानपूरच्या माझ्या आईले तुळशीरामचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहो, काळजी करू नको. इथं प्रयोगशाळेत आम्ही तेल पोलादी नळीत घालून दाबतो, जशा प्रेसमध्ये रुईच्या गाठी दाबतात. दाब वाढला की तेल बर्फाबिगर गोठते. त्यात दुसरं पातळ तेल मिसळलं, तर जास्त दाब लागते.

तू धाडलेलं तूप मी दाबून पाह्यलं. दिवाळीतलं लवकर गोठलं होतं, याले लय दाब लागला. नळी गळत असंल म्हणून पुन्हा दाबलं. तसंच झालं. या तुपात तेल हाये.

तू तर भेसळ करणारी नाहीस, म्हणजे हे तूप घरचं नाही. पत्रात तू शेजारच्या कोकिळाच्या हातून साऱ्या घराची खुशाली लिहून धाडली, पण या खेपेले म्हशीचं नाव नाही.

खरं सांग आई, दावणीले म्हैस हाये ना?

तुझा तुळशीराम